धडधाकट कुणी राहायचं

“लंगड की गं जरा नीट,” तानूआत्या म्हणाली. “ही काय चाल झाली? अशी ऐटीत गेलीस तर बोर्डाचे डॉक्टर दारातनंच माघारी लावतील.”

मी अंगणात तुळशीपासून गोठ्यापर्यंत येरझाऱ्या घालत होते आणि आत्या उंबऱ्यात बसून परीक्षा घेत होती. एका हातात सुपारी, दुसऱ्यात अडकित्ता. “पाय वढ. आणखी वढ. आन् त्वांड असं हसरं कशाला? लग्नाला निघालीयास व्हय?”

“लग्नाचं तूच जमवतीयस की,” मी म्हटलं.

“ते येगळं. ते काल झालं. आज बोर्डाचं बघू.”

ही तीच आत्या, जिनं मला अठरा वर्षं न लंगडता चालायला शिकवलं. माझा डावा पाय पोलिओनं गेला तेव्हा मी दोन वर्षांची होते. पुढं आई गेली आणि मला आत्यानं वाढवलं. मी दहा वर्षांची झाले तशी तिनं लग्नाची काळजी सुरू केली. डाव्या चपलेला आतून जाड तळवा लावून घेतला, साडी टाचेखाली लोळेल अशी नेसायला शिकवली, आणि हातात पोह्यांचं ताट धरून सहा-सात पावलं अशी बसवून घेतली की बघणाऱ्याला पोरगी लाजून चालते आहे असं वाटावं. त्याच्यापुढं गुडघा दगा द्यायचा. म्हणून पाहुण्यांची सतरंजी नेहमी स्वयंपाकघराच्या दाराजवळच पडायची. एवढं करूनही आलेल्या स्थळांना कुठून तरी कळायचंच. गावात शत्रू कमी असतात, पण मित्र फार बोलतात.

तर अशी ती आत्या आता मला लंगडायला शिकवत होती, कारण सरकारनं आमचं भलं करायचं मनावर घेतलं होतं. आधी आम्ही अपंग होतो, ते दिव्यांग झालो. पूर्वी आमचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. प्रगतीच म्हणायची. आणि या प्रगतीत हातानं लिहिलेले जुने दाखले एका फटक्यात रद्दीत गेले. माझ्या दाखल्यावर माझा उभा फोटो होता, परकर गुडघ्यापर्यंत धरलेला, कारण तेव्हा व्यंग दिसल्याशिवाय फोटो चालत नसे. आता नुसता चेहरा चालतो म्हणे. पाय चेहऱ्यावरून ओळखण्याइतकं सरकार हुशार झालं होतं.

नवीन कार्ड काढायचं कसं, ते सेतू केंद्रातल्या बाईंनी मला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा मला कळलं, कारण तिसऱ्यांदा त्यांनाही कळलं होतं. अर्ज ऑनलाइन भरायचा. आधार, रेशनकार्ड, फोटो, जुना दाखला जोडायचा. मग मोबाईलवर तारीख येते. त्या तारखेला जिल्ह्याच्या दवाखान्यात बोर्डासमोर उभं राहायचं. बोर्ड तपासून टक्के ठरवतं. तो कागद तिथल्याच खिडकीवर जमा केला की कार्ड छापायला जातं. चाळीस किंवा वर टक्के मिळाले तर महिन्याची मदत पुन्हा चालू, आणि एकोणचाळीस मिळाले तर सरकारच्या लेखी तुम्ही ठणठणीत.

माझी मदत उन्हाळ्यापासून बंद होती. त्या पैशांवर माझा गाळा चालायचा. तालुक्याच्या बाजारात एका जिन्याखाली कपाटाएवढी जागा, तिथं माझं पिको-फॉलचं मशीन. भाडं थकलं होतं. दिवाळीपर्यंत थांबतो, असं गाळेमालकानं सांगितलं होतं. गाळा गेला असता तर मी परत वहिनीच्या स्वयंपाकघरात, भाजी निवडायला आणि ‘ही अशीच राहिली बाई’ हे ऐकायला. त्या गाळ्यात मला ‘शालनताई’ म्हणत. घरी मी नुसती ‘ती’ होते.

आता आदल्या दिवशीचं, रविवारचं सांगते. रविवारी सयाजी थोरात मला बघायला आला होता. शेजारच्या तालुक्यातला, विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करणारा, दिसायला देखणा. सोबत त्याची आई हौसाबाई. तिनं आल्या आल्या मला पाणी आणायला लावलं, म्हणजे चाल बघायची होती. मी सहा पावलांत पाणी दिलं आणि पास झाले. सयाजी मात्र एक अक्षर बोलला नाही. त्याला काहीही विचारलं की तो गालातल्या गालात हसायचा आणि उत्तर हौसाबाई द्यायची. “लाजाळू हाय वो,” ती म्हणाली. आत्या तर विरघळूनच गेली. नुसता हसणारा नवरा तिनं आयुष्यात पाहिला नव्हता.

मग रीतीप्रमाणं आम्हा दोघांना परसदारी दोन मिनिटं बोलायला सोडलं. आत्या दाराला कान लावून उभी असणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी अगदी हळू विचारलं, “माझ्या पायाचं तुम्हाला सांगितलंय का?”

तो माझ्याकडं बघून हसला. “हो,” म्हणाला.

“आणि तुम्हाला चालतंय?”

“हो.”

एवढंच बोलणं झालं. पण मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि असा ‘हो’ मला कुणी म्हटला नव्हता. सोमवार, मंगळवार मी त्या ‘हो’वर काढले. फॉल उलटे लावले, एका बाईच्या पैठणीला भलत्याच रंगाचा दोरा घातला. आत्याला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला हर्षवायू झाला असता, आणि बोर्डाच्या तोंडावर ते परवडणारं नव्हतं.

बुधवारी आम्ही दवाखान्यात पोचलो. बोर्ड पहिल्या मजल्यावर बसायचं. लिफ्ट होती, पण तिच्यावरची ‘बंद आहे’ची पाटी इतकी जुनी होती की तिलाही दाखला मिळाला असता. जिना चढून जो कुणी वर पोचेल, त्याला बोर्ड विचारणार, तुम्हाला चालता येतं का. मी साध्या सपाट चपला घालून, कठड्याला धरून, एकेक पायरी वर गेले. आत्या मागून समाधानानं म्हणत होती, “अशीच. आता कसं झ्याक लंगडतीयास.”

वर गेलो आणि तिचा आवाज बसला. तिनं माझा दंड असा आवळला की वळ उठला.

“सरळ हो,” ती दातांतून म्हणाली. “सरळ हो, सासू हाय.”

समोरच्या बाकावर हौसाबाई बसली होती. शेजारी सयाजी, पंख्याकडं बघत.

“अगंबाई, तानूबाई? तुमी हितं कशा?” हौसाबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“बीपी,” आत्या म्हणाली. “माझं बीपी वाढलंय. आन् तुमी?”

“गुडघं. माझं गुडघं.”

दोघी शेजारी शेजारी बसल्या. डोक्यावर भली मोठी पाटी होती, ‘दिव्यांग तपासणी मंडळ’. तिच्याखाली बसून त्यांनी बीपी, गुडघे, पथ्य आणि कारल्याचा रस यावर अर्धा तास गप्पा मारल्या. दोघींपैकी एकीलाही ही पाटी दिसली नाही. मी अलीकडच्या टोकाला, जिन्यापाशीच भिंतीला टेकून उभी राहिले होते, कारण बसायला जायचं म्हणजे चालायचं. सयाजीनं मला पाहिलं आणि तो हसला. मीही हसले. माझ्या मनात आलं, याला सगळं माहीत आहे, मग मी कशाला अशी खिळा ठोकल्यागत उभी आहे?

थोड्या वेळानं आत्या माझ्याजवळ आली. “तुझं नाव पुकारलं तरी जाऊ नगंस,” ती कुजबुजली.

“म्हणजे?”

“म्हणजे गप उभी ऱ्हा. पुढच्या टायमाला येऊ.”

“पुढची तारीख चार महिन्यांनी मिळते, आत्या. गाळा जाईल माझा.”

“जाईना का. नवरा मिळाल्यावर गाळा कशाला लागतोय?”

तेवढ्यात दार उघडलं आणि शिपाई बाहेर आला. या शिपायाची एक पद्धत होती, नावाबरोबर तो अवयवही पुकारायचा. म्हणजे एकाच नावाची दोन माणसं असली तर घोळ नको. सकाळपासून त्यानं ‘कांबळे, डोळे’ आणि ‘माळी, दोन्ही पाय’ अशी माणसं आत सोडली होती.

“सयाजी दिनकर थोरात, कान,” तो ओरडला.

कुणी उठलं नाही. हौसाबाईला अचानक आपल्या पदराच्या काठात भारी रस वाटू लागला.

“थोरात, कान. आलेत का?”

सयाजी पंख्याकडं बघत होता. शांत, प्रसन्न, रविवारी बसला होता तसाच. हौसाबाईनं त्याला कोपरानं ढोसलं असतं तर काम झालं असतं. पण ढोसलं असतं तर आम्हाला कळलं असतं. ती बिचारी आत्याकडं बघून हसली आणि म्हणाली, “कारल्यात मीठ घालायचं का वो?”

आता कुठं मला कळलं. त्या माणसानं रविवारी माझा एक शब्द ऐकला नव्हता. मी इतकं हळू बोलले होते की आत्याच्या कानालाही कळलं नसेल, मग त्याच्या कानाला काय कळणार? ओठ हलले, म्हणून तो हो म्हणाला. मी भाकरी कोणती आवडते असं विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता. मला एवढा राग आला, त्याचा, त्याच्या आईचा आणि सगळ्यात जास्त माझा, की डोळ्यांत पाणी आलं. बरं झालं, जाऊ दे याचा नंबर, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

“शेवटचं पुकारतोय. थोरात, कान. न्हाईतर गैरहजर लिहितो.”

गैरहजर म्हणजे चार महिने, हे मला माहीत होतं. माझ्यासाठी ते चार महिने म्हणजे गाळा. त्याच्यासाठी काय ते मला ठाऊक नव्हतं, पण इथवर जिना चढून उगीच कुणी येत नाही.

मी निघाले. चाल कुठली धरावी, सोमवारची की अठरा वर्षांची, याचा विचार करायला वेळ नव्हता. तळव्याची चप्पल नव्हती, पोह्यांचं ताट नव्हतं. हात आपोआप गुडघ्यावर गेला, कंबर एका बाजूला पडली, आणि मी माझ्या चालीनं हौसाबाईच्या नाकासमोरून सबंध व्हरांडा ओलांडून गेले. मागून आत्याचा ‘आई गं’ ऐकू आला. मी सयाजीच्या खांद्यावर टकटक केलं आणि दाराकडं बोट दाखवलं.

तो उठला. त्यानं दाराकडं बघितलं, मग माझ्या पायाकडं, आणि त्याचं हसू गेलं.

“तुमच्या पायाला काय लागलं?” त्यानं विचारलं. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो मोठ्यानंच बोलतो. सगळा व्हरांडा आमच्याकडं बघू लागला.

“लागलं नाही,” मीही मोठ्यानं म्हटलं. “लहानपणापासून असाच आहे. जा आत.”

तो गेला.

“बीपी व्हय?” हौसाबाईनं आत्याला विचारलं.

“आन् तुमचं गुडघं कानात हायती व्हय?” आत्या म्हणाली.

सयाजी कागद घेऊन बाहेर आला आणि लगेच माझं नाव आलं, “मोहिते, पाय.” आत डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवलं, टेपनं दोन्ही पाय मोजले, गुडघ्याला हात लावून जोर लावायला सांगितला. मी सोमवारचा धडा आठवून जरा कण्हले. “कण्हू नका हो,” ते म्हणाले, “टेपला ऐकू येत नाही.” मग त्यांनी कागदावर छप्पन्न टक्के लिहिलं आणि पुढं ‘कायमस्वरूपी’. म्हणजे पुन्हा पुन्हा तपासणी नको. अठरा वर्षांची शिकवण आणि दोन दिवसांची उजळणी, दोन्ही वाया गेल्या. टेपनं चाल विचारलीच नाही.

मी बाहेर आले तर व्हरांड्यात बाजार भरला होता. झालं असं की, शिपायानं त्या दोघींना एक योजना सांगितली होती. त्या वेळच्या नियमानं धडधाकट माणसानं दिव्यांगाशी लग्न केलं तर जोडप्याला सरकारकडून रक्कम मिळायची. मोडक्याशी लग्न करणाऱ्या अखंड माणसाला सरकारचं बक्षीस. “पण दोघं बी कार्डवाले असले तर काय मिळत न्हाई,” असं सांगून शिपाई चहाला निघून गेला. आग लावून जाण्यात त्याचा हातखंडा असावा.

“मग आमचा सयाजी धडधाकट,” हौसाबाई म्हणत होती. “तुमच्या पोरीचं कार्ड हुं द्या.”

“वा,” आत्या म्हणाली. “आमची शालन धडधाकट. तुमच्या पोराचं कार्ड करा.”

“अवो, लंगडती की ती. आत्ता बघितलं मी.”

“ते लागलंय तिला. तुमच्याच पोरानं इचारलं न्हवं का?”

घटकेपूर्वी दोघी एकमेकींपासून तोंड लपवत होत्या. आता लग्न ठरलंच आहे असं धरून भांडण पुढं गेलं होतं. जो धडधाकट त्याची बाजू वरचढ, मानपान त्याचा, आणि उपकारही त्याचेच. आम्हा दोघांना कुणी विचारलं नव्हतं. आत्यानं माझ्या हातातला कागद बघितला, छप्पन्न आकडा बघितला आणि कपाळावर हात मारला.

“शाले, ह्यो कागद खिडकीवर देऊ नगंस,” ती म्हणाली. “ऐक माझं. तू चांगली ऱ्हा. एवढी वर्सं ऱ्हायलीस तशी.”

ती हे अगदी मायेनं म्हणाली, तेच मला सोसलं नाही. “आत्या,” मी म्हटलं, “मी कधीच तशी नव्हते. फक्त तुझी सतरंजी दाराजवळ होती.”

आणि मी खिडकीवर जाऊन कागद दिला. पावती घेऊन वळले तर माझ्या मागं सयाजी आपला कागद घेऊन रांगेत उभा होता आणि हौसाबाई त्याच्या बाहीला लटकली होती.

“दिऊ नगंस,” ती त्याच्या कानाशी कुजबुजली.

“काय?” सयाजी म्हणाला.

“कागद. दिऊ नगंस.”

“काय?”

ती आवाज चढवायला तयार नव्हती, कारण खिडकीतला कारकून कान टवकारून होता आणि दारात डॉक्टर उभे होते. पण हळू बोलून भागेना. तिचा आवाज एकेक पायरी चढत गेला, आणि प्रत्येक पायरीवर तो तितक्याच अदबीनं ‘काय?’ म्हणत गेला. शेवटी तिचा संयम सुटला आणि ती बेंबीच्या देठापासून ओरडली, “अरं, तुला ऐकू येतंय म्हणून सांग!”

सगळ्या मजल्यानं माना वळवल्या. ‘माळी, दोन्ही पाय’ तेवढे हसायला लागले.

हे मात्र सयाजीला ऐकू गेलं. त्यानं थोडा विचार केला. “बरं,” तो म्हणाला, “पण मग एवढी ओरडतीस कशाला?”

त्यानं कागद खिडकीत सरकवला. “कानाचं यंत्र पाहिजे मला,” तो कारकुनाला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “गिऱ्हाईक काय बोलतं ते कळत नाही. मी नुसता हो म्हणतो, आणि नको त्या मोटारी खोलून बसतो.”

हौसाबाई मटकन खाली बसली. आत्यानं तिच्या शेजारी बैठक मारली आणि तिच्या हातावर सुपारीचं खांड ठेवलं. दोघी चघळत बसल्या. जोडीत एकही धडधाकट उरला नव्हता, मग भांडायचं कशावरून?

कार्ड यायला दिवाळी उलटली, पण पावती दाखवल्यावर गाळेमालक थांबला. मदत चालू झाली. लग्नाचं कुणी बोललं नाही. हौसाबाई म्हणे आणखी एक धडधाकट स्थळ बघत होती.

होळीच्या सुमाराला सयाजी एकटाच माझ्या गाळ्यावर आला. कानामागं यंत्र होतं, आणि हात सारखा त्याकडं जात होता. मी मशीन चालवत होते. तो दारात थबकला.

“एवढा आवाज करतं हे?”

“करतं.”

“रोज?”

“रोज,” मी मान वर न करता म्हटलं. “आणि मी आधीच सांगते, लग्न झालं तरी हा गाळा मी सोडणार नाही. माझ्या पायानं बाजारात येणार आणि माझ्या पायानं घरी जाणार. ऐकू आलं का?”

“हो,” तो म्हणाला.

“नुसतं हो नको. मी काय म्हटलं ते म्हणून दाखवा.”

त्यानं घसा साफ केला. यंत्र आलं तरी आवाजाची सवय गेली नव्हती. भर बाजारात, भांड्यांच्या दुकानापासून पानाच्या टपरीपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं माझं वाक्य शब्द न् शब्द म्हणून दाखवलं, लग्नासकट. पानवाल्यानं मान बाहेर काढली. तेव्हा कुठं मी मशीन थांबवलं.